आढळले नाही

१२ फेब्रुवारी, सोमवार

नवीन काम आलं. हिंजवडीच्या पलीकडे एक सोसायटी आहे, तिथे झाडांवर मुंग्यांचं औषध मारतात. भिंतीपलीकडे, उताराला, गावातल्या एका कुटुंबाची विहीर. डिसेंबरात फवारणी झाली आणि विहिरीतले मासे उलटे होऊन वर आले, अशी विहीरवाल्या बाईंची तक्रार. सोसायटीचं म्हणणं, मासे म्हातारे झाले असतील. सगळे एकाच आठवड्यात? शेवटी दोघांच्या संमतीनं पाणी आमच्या लॅबमध्ये तपासायचं ठरलं. सरांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली. "अनघा, मुंग्या तुझ्याकडे."

शेतातली औषधं, गटार, टाकीत मेलेली पाल, इतकी वर्षं पाण्यात काय काय शोधलं. मुंग्यांचं औषध पहिल्यांदाच. फिप्रोनिल. नाव लांब आहे, यापुढे फि.

घरी येताना बसमध्ये मुंग्यांबद्दल वाचत होते. बिबवेवाडी कधी आली कळलं नाही. फिकट पिवळ्या, लांब पायांच्या, सैरावैरा पळणाऱ्या. एका वसाहतीत राण्या अनेक. जिथे जातात तिथल्या मूळच्या मुंग्या हळूहळू दिसेनाशा होतात. बाबांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे बाहेरून आलेल्यांनी जागा बळकावल्याची तक्रार मुंग्यांचीही आहे तर." स्वतः साताऱ्याहून आलेत, ते सोयीस्करपणे विसरले.

१४ फेब्रु., बुध.

बाटली आली. सोसायटीचे चेअरमन स्वतः घेऊन आले. निखिल नाव, माझ्याहून लहानच असेल. (चे. म्हणू.) वाटलं होतं तोऱ्यात असेल. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "मॅम, आम्ही व्हिलन नाही आहोत. मुंग्या लिफ्टच्या पॅनेलमध्ये आहेत, मीटरच्या पेटीत आहेत. फोर्थ फ्लोअरवर एक न्यूबॉर्न आहे, त्याच्या पाळण्यात चढल्या. पाळण्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात त्यांनी." बागेसाठी बाहेरच्या राज्यातून पामची झाडं मागवली, त्यांच्या मातीतून आल्या असाव्यात असं त्याला वाटतं. पटण्यासारखं आहे. मुळांपाशी एवढा मोठा मातीचा गोळा बांधून येतो, त्यात कोण बसून आलंय ते कोण बघतो?

बाटली आमचीच, धुऊन पाठवलेली. भरली विहीरवाल्या बाईंनी, शेवंताबाई नाव. "विहिरीचं पाणी काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका," एवढं मीच फोनवर सांगितलं होतं. "बरं बरं," म्हणाल्या होत्या.

१६ फेब्रु., शुक्र.

यंत्रावर सरळ रेघ. फि. आढळले नाही. दुसरं काहीही आढळले नाही. सरांनी दुपारी रिपोर्ट पाठवूनही दिला.

संध्याकाळी सहज म्हणून त्याच पाण्याची कठिणता बघितली. जवळजवळ नाहीच! त्या भागातल्या खडकातली विहीर म्हणजे साबणाला फेस येताना मारामार. हे पाणी विहिरीचं असेल तर मी केमिस्ट नाही.

१८ फेब्रु., रवि.

सुट्टी आहे आणि डोक्यात तेच पाणी. पावसाचं साठवलेलं? महिना कुठला. कोणी मुद्दाम बदललं? सोसायटीनं बदललं तर समजू शकते, पण बाटली भरली तक्रार करणारीनं. तिनं स्वतःच्याच विरुद्ध पुरावा कशाला द्यावा?

बाबा म्हणाले, "तू जा आणि बघ. नाहीतर आज आमटीत मीठ नाही, उद्या साखर पडेल." खरंच विसरले होते मीठ.

१९ फेब्रु., सोम.

शेवंताबाईंना फोन केला, उद्या येते म्हटलं. "या की. आमी काय लपवून ठिवलंय व्हय?" आवाज रागाचा नव्हता.

२० फेब्रु., मंगळ.

आज पोटभर हसले आणि मग हसू थांबलं. क्रमानं लिहिते.

शेवंताकाकू (समोर 'बाई' तोंडात येईना) साठीच्या. यजमान नाहीत, एकट्याच असतात. घराच्या मागच्या दोन खोल्या कंपन्यांत जाणाऱ्या मुलांना भाड्यानं दिल्यात. अंगण सारवलेलं, विहिरीचा कठडा घासून लख्ख केलेला. गेल्या गेल्या पेलाभर पाणी दिलं. गोड, गुळगुळीत. चुलीशेजारच्या पातेल्याला मात्र आतून पांढरा थर, बोटानं खरवडला तरी निघेना. म्हणजे घरात दोन पाणी आहेत.

"काकू, बाटली कुठून भरली होती?"

"जारातून."

भाड्याच्या मुलांसाठी विकतच्या पाण्याचे जार येतात, त्यातून! मी बघतच राहिले. काकूंना माझं बघणंच समजेना. "अगं ताई, तपासायला द्यायचं म्हंजी चांगलं पानी द्यायला नको? हिरीत मुंग्या पडत्यात, पाला पडतो. चार लोकांत जानार ती बाटली. शेवंताकडचं पानी असलं, म्हनाया नकोत कोन."

पाहुणा येणार म्हणून घर आवरावं तसं त्यांनी पाणी आवरलं होतं. मी हसायला लागले, मग त्याही. कितीतरी वेळ.

मग म्हणाल्या, "हसू नको पर. माझी पल्लवी न्हाई यायची न्हाईतर."

पल्लवी एकुलती एक मुलगी. कंपनीत नोकरी, वाकडला राहते, पहिलंच बाळंतपण. पाडव्यानंतर सातवा लागतो, तेव्हा माहेरी आणायची. पण मासे मेल्याचं ऐकल्यापासून तिनं सांगून टाकलंय, पाण्याचा निकाल आल्याशिवाय मी यायची नाही, सासरीच बाळंत होईन. "जार आनते म्हनलं. तर म्हनती, बाळाला अंघूळ जारानं घालनार का, माझी धुणी जारानं धुनार का. खरंय तिचं. पर ह्याच पान्यावर वाढली ना ती!" डोळ्यांत पाणी नव्हतं, फक्त पदर बोटाला गुंडाळत होत्या.

माझ्यासमोर पोहरा सोडून नवी बाटली भरली. काठोकाठ.

पिवळ्या मुंग्याही बघितल्या. भिंतीवरून येतात, ओळ वगैरे काही नाही, नुसती पळापळ. काकू त्यांना येड्या मुंग्या म्हणतात. जगभरचे शास्त्रज्ञही जवळपास तेच म्हणतात, हे त्यांना सांगितल्यावर फार खूश झाल्या. दर शनिवारी काळ्या मुंग्यांच्या वारुळाशी पीठसाखर घालायची त्यांची जुनी सवय. "आता काळी एक येत न्हाई. ह्या येड्याच खात्यात. मी आपली घालते. उपाशी कशी ठिवायची?"

२१ फेब्रु., बुध.

पहिला रिपोर्ट मागे घ्यावा लागला. तोवर चे.नी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, खाली अंगठेच अंगठे. सर माझ्याशी दिवसभर फक्त कामापुरतं बोलले. यापुढे नमुना मी स्वतः घेणार, हे मीच सांगितलं. बाबांचा सल्ला असा की जारवाल्याला अभिनंदनाचं पत्र पाठव.

२३ फेब्रु., शुक्र.

फि. आढळले नाही. पण यंत्रावर भलतीकडेच एक सुळका. उंच, स्वच्छ. दोनदा चालवलं, दोन्ही वेळा तिथेच. डेल्टामेथ्रिन.

हे डास-झुरळांचं औषध, सोसायटी मारत नाही. चे.ना फोन केला. औषध मारणाऱ्याची सगळी पाकिटं बघून त्यांनी सांगितलं, फक्त फि. "सो टेक्निकली आमचं नाहीये ना, मॅम?" सुटल्यासारखा आवाज. मग, "पण मग कोणाचं?" हे विचारलं म्हणून माणूस आवडला.

खरंच, कोणाचं?

२५ फेब्रु., रवि.

काकूंना फोनवर विचारलं, घरात डास-झुरळांचं काही मारता का. फार लागलं त्यांना. "आमच्या घरात इख न्हाई ताई. साधी तुळशीवर राख टाकते मी." फोन ठेवला.

शेजारी शेत नाही. वरून नाला नाही. मासे डिसेंबरात मेले, हे औषध पाण्यात महिनोन्‌महिने तरंगत बसणारं नाही. म्हणजे आत्ताचं आहे. ताजं. कोणीतरी विहिरीत टाकतंय? काकूंच्या भाड्याच्या मुलांपैकी कोणी? छे. असले विचार आले की समजावं, आपल्याला उत्तर सापडत नाहीये.

३ मार्च, रवि.

सापडलं!

न सांगता गेले. काकू जरा तुटक. पाणी मात्र दिलं (जारचं). म्हटलं, मी स्वतः पोहरा ओढते. ओढला, आणि तळहात पांढरा. दोराला पीठ लागल्यासारखं. कप्पीभोवती पांढरी रेघ, कठड्यावर गोल पांढरी रेघ. हात नाकाशी नेला. हा वास मी आमच्या ओट्याखाली रोज घेते.

मुंग्यांचा खडू.

"काकू, हे काय?"

"खडू गं. येड्या दोरावरनं खाली उतरत्यात. तू पानी न्यायला येनार म्हनून त्या दिशी सगळा दोर घासला खडूनं. एक मुंगी यिऊ दिली न्हाई तुझ्या बाटलीत."

"अहो, आणि विष नाही म्हणालात ना घरात?"

"खडू हाय त्यो. इख कुठं हाय?"

कठड्यावर बसले मी. खडू म्हणजे शाळेतला, फळ्यावरचा, पोरांच्या हातातला. त्याला विष कोण म्हणेल? आमच्याही घरी तो बिस्किटांच्या डब्याशेजारी असतो, आणि मी केमिस्ट. खडूच्या खोक्यावर बारीक अक्षरांत डेल्टामेथ्रिन लिहिलंय, ते काकूंना वाचून दाखवलं. ऐकल्यावर त्यांनी दोर कप्पीवरून काढला, चुंबळ केली आणि चुलीशी नेली. मी ओरडले, जाळू नका, धूर घ्याल! शेवटी पिशवीत घालून मीच लॅबमध्ये आणला. संध्याकाळी आधी बिस्किटांचा डबा हलवला.

मासे खडूनं मेले का? काकू म्हणतात, नाही, खडू फेब्रुवारीत आणला, मासे आधीच गेले होते. म्हणजे फि.चा प्रश्न होता तिथेच आहे. आता निदान विहीर आणि माझी बाटली यांच्यामध्ये दुसरं कोणी नाही.

१० मार्च, रवि.

आठवडाभर थांबून आज तिसरा नमुना. नवा दोर, मीच नेलेला. स्टीलचा डबा, लॅबमध्ये धुतलेला. काकू हात मागे बांधून लांब उभ्या. "मी काय शिवत न्हाई बाई." माझ्या मागून चे. भिंतीवरून डोकावून बघत होते. काकूंनी त्यांना हाक मारली, "या की हिकडं, तिथनं काय बघताय चोरासारखं." आले. चहा प्यायले. माझ्याकडून ऐकलेल्या पाळण्यातल्या बाळाचं काकूंनी विचारलं. वाट्यांतलं पाणी रोज बदलायला सांगा, म्हणाल्या. त्यांना वाटतं डास होतील.

तळाशी हिरव्यात काहीतरी हललं. लहान मासे! कुठून आले, काकूंनाही माहीत नाही. कोणीतरी सोडले असतील. जिवंत आहेत हे चांगलंच, पण तेवढ्यावर पाणी चांगलं म्हणता येत नाही.

१४ मार्च, गुरु.

फि. आढळले नाही. डेल्टामेथ्रिन आढळले नाही. कठिणता भरपूर, म्हणजे पाणी काकूंचंच.

आनंदानं रिपोर्ट लिहायला घेतला आणि मध्येच वाचत बसले ते वाचतच राहिले. फि. मातीवर पडलं की फि. राहतच नाही. उन्हात त्याचं एक काहीतरी होतं, मातीत दुसरं, पाण्याखाली तिसरं. मूळ औषध नाहीसं झालं तरी ही त्याची पिल्लं मागे राहतात, आणि काही पिल्लं आईपेक्षा चिवट. मी आई शोधतेय. ती तीन महिन्यांपूर्वीच गेली असेल तर?

पिल्लं ओळखायला त्यांचा शुद्ध नमुना यंत्राला आधी दाखवावा लागतो. आमच्याकडे तो नाही.

१५ मार्च, शुक्र.

सरांना सांगितलं. "अनघा, विचारलंय तेवढं सांग. फिप्रोनिल विचारलंय."

"पण सर, विचारणाऱ्याला काय विचारायचं ते माहीत नाही."

चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, मागवू, पण परदेशातून येईल तेव्हा येईल, रिपोर्ट अडवून ठेवायचा नाही. दोन्ही बाबतीत त्यांचं बरोबर आहे, हीच अडचण आहे.

रिपोर्टात लिहिलं: आढळले नाही. हे दोन शब्द मी हजारदा लिहिलेत. आज पहिल्यांदा ते परत वाचून बघितले. 'नाही' असं मी लिहिलेलंच नाही. मी फक्त माझ्याबद्दल लिहिलंय, पाण्याबद्दल नाही.

काकूंना फोनवर सांगितलं, फि. आढळलं नाही. पुढचं सांगायला तोंड उघडलं तोवर त्या ओरडल्या, "न्हाई? न्हाई ना? थांब, पल्लवीला सांगते." आणि फोन बंद. परत लावला, तर लागेना. मायलेकी बोलत असणार.

१७ मार्च, रवि.

लागला फोन. सगळं सांगितलं, पिल्लांसकट. काकू शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हंजी सापडलं न्हाई."

"हो, पण..."

"तेच की. सापडलं न्हाई म्हंजी न्हाई. पल्लवी हो म्हनली. पाडवा झाला की येती."

इतक्या आनंदात होत्या. मी गप्प बसले. का बसले, ते मला नीट माहीत नाही.

चे.नाही सांगितलं. त्यांनी पिल्लांबद्दल प्रश्नांवर प्रश्न विचारले. फवारणी पुढे ढकलायचं बघतो म्हणाले. मग, "पण फोर्थ फ्लोअरवाल्यांना मी काय सांगू, मॅम?" म्हटलं, मला माहीत नाही.

९ एप्रिल, मंगळ. पाडवा.

गुढी उभारली. अर्ध्या तासात साखरेच्या गाठीला मुंग्या. काळ्याच, आपल्याच. बाबा सवयीनं खडू आणायला उठले, मग माझ्याकडे बघून परत बसले. "खाऊ देत. वर्षाचा सण आहे त्यांचाही." मुंग्या लागलेला तुकडा तोडून कुंडीत ठेवला.

काकूंचा फोन. रविवारी २१ला पल्लवीचं डोहाळजेवण, यायचंच. "तुझ्यामुळं येतीय ती."

तुझ्यामुळं. दिवसभर ते कानात आहे.

१६ एप्रिल, मंगळ.

पिल्लांचे नमुने अजून नाहीत. सर म्हणाले कस्टममध्ये असतील. तारखा मोजू नयेत म्हणते आणि मोजते. पल्लवीचे दिवस जुलैमध्ये भरतात. त्याआधी जूनमध्येच पाऊस, म्हणजे पामखालची माती उतारानं त्याच विहिरीकडे. सोसायटीची सभा झाली. चे. म्हणाले, फवारणी पावसाळ्यापर्यंत थांबवली, पण तिथल्या दोन बायका त्यांच्याशी बोलत नाहीत. पाळण्याखाली वाट्या अजून आहेत.

२१ एप्रिल, रवि.

डोहाळजेवण झालं. आत्ता घरी आले, बाबा विचारतायत काय काय होतं जेवायला, आणि मला आठवत नाही.

पल्लवी काकूंसारखीच हसते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाय सुजलेले. बायकांनी दोन वाट्या झाकून तिच्यापुढे ठेवल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. ती निवडताना मुद्दाम वेळ लावत होती. पेढा निघाला तसा सगळ्यांनी गलका केला, मुलगा! पल्लवी मला म्हणाली, "तुमच्या मशीनपेक्षा हे फास्ट आहे."

बायका पांगल्यावर काकूंनी दोन पेले आणले. एक माझ्यापुढे, एक तिच्यापुढे. ओठाला लावला तेव्हाच कळलं. विहिरीचं. इतक्या वेळा गेले त्यांच्याकडे, दर वेळी जारचं मिळालं. "आज हिरीचं दिलंय," काकू म्हणाल्या. "तू आता पाव्हनी न्हाईस."

मी प्यायले. सगळा पेला. जड, थोडं खारट, थंड पाणी. छान लागलं, खरंच.

पल्लवीनं तिचा पेला हातात धरला होता. पीत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तेव्हा बोलावंच लागलं. म्हटलं, "पल्लवी, मी जे शोधलं ते सापडलं नाही. पण शोधायचं होतं ते सगळं मी अजून शोधलेलं नाही. मी प्यायले कारण मला प्यावंसं वाटलं. तू पी असं मला सांगता येत नाही."

मला वाटलं, आता काकू उठून जातील, किंवा मलाच जायला सांगतील. लेक सासरी परत गेली तर तेही माझ्यामुळंच.

काकूंनी तिच्या हातातून पेला घेतला. ओतला नाही. फडताळात ठेवला, त्यावर ताटली झाकली.

"मंग शोध की," मला म्हणाल्या. "तवर झाकून ठिवते. तू सांगशील तवा देते तिला."

पल्लवीला जारचं पाणी दिलं. ती राहणार आहे, निदान या आठवड्यात तरी. मला पोळीचा डबा बांधून दिला, अंगणापर्यंत सोडायला आल्या. निघताना चपला घालत दारातून बघितलं, फडताळात ताटली होती तशीच होती.

उद्या सकाळी आधी कस्टमला फोन.